ग्रंथसूचीतील शोध आणि प्रतिनिधिचिन्हे : 'अजिंठा' या स्थलनामाच्या लेखनरूपांचा विचार

१

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी आरंभीच्या काळात जे छापील वृत्तांत प्रसिद्ध झाले, त्यांपैकी एक लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर यांचा आहे. १८२४ मध्ये त्यांनी ही लेणी पाहिली व त्यांचा वृत्तांत १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या 'ट्रँझॅक्शन्स' या प्रकाशनाच्या दुसऱ्या खंडात छापला गेला. त्याच्या शीर्षकात अजिंठ्याचे नाव रोमन लिपीत ए-डी-जे-यू-एन-टी-ए असे लिहिलेले आहे. आज इंग्रजीत रूढ असलेले रूप ए-जे-ए-एन-टी-ए हे होय. दोन्ही रूपे एकाच गावाची असली, तरी संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. शीर्षकांच्या सूचीत आजचे रूप घालून शोध करणाऱ्या अभ्यासकापुढे अलेक्झांडर यांचा लेख येत नाही. आणि तो आला नाही हेही त्याला कळत नाही.

अजिंठ्याच्या बाबतीत ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, तेव्हापासून तेथील भित्तिचित्रांची झीज सतत होत आलेली आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी त्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील त्यांचे विद्यार्थी यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. भिंतीवरील मूळ रंग झिजले आणि प्रतिकृतीही गेल्या, अशा स्थितीत कोणत्या लेण्यात कोणते दृश्य केव्हापर्यंत दिसत होते हे ठरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील लेखी वर्णने हे एक महत्त्वाचे साधन उरते. ही वर्णने नेमकी जुन्या व अस्थिर लेखनरूपांखाली नोंदलेली आहेत. म्हणून एखादे लेखनरूप शोधातून सुटणे म्हणजे एक साक्षीदार सुटणे होय.

अशा भिन्न रूपांचा एकत्र शोध घेण्यासाठी ग्रंथसूचींच्या संगणकीय संग्रहांत काही चिन्हांची सोय केलेली असते. त्या चिन्हांचे कार्य कसे चालते, मराठी व देवनागरी सामग्रीच्या बाबतीत त्यांचा उपयोग करताना कोणती दक्षता घ्यावी लागते आणि त्यांची मर्यादा कोठे येते, याचा विचार 'अजिंठा' या एका नामाच्या आधारे येथे केला आहे. रोमन अक्षरे त्यांच्या इंग्रजी नावांनी दर्शविली आहेत.

२

शोधावयाच्या शब्दातील एका किंवा अनेक अक्षरांच्या जागी जे चिन्ह लिहिले असता कोणतेही अक्षर चालते, त्याला इंग्रजीत 'वाइल्डकार्ड' म्हणतात. ही संज्ञा पत्त्यांच्या खेळातून आलेली आहे. रमीच्या डावात जोकर ज्याप्रमाणे हव्या त्या पानाची जागा घेतो, त्याप्रमाणे हे चिन्ह हव्या त्या अक्षराची जागा घेते. मराठीत त्यास 'प्रतिनिधिचिन्ह' म्हणणे सोयीचे आहे. कारण ते स्वतः कोणतेही अक्षर नसून अक्षराचे प्रतिनिधित्व करते.

प्रतिनिधिचिन्हांची कार्ये तीन प्रकारची असतात. पहिले चिन्ह कितीही अक्षरांच्या जागी उभे राहते. त्या जागी एकही अक्षर नसले तरी चालते. यासाठी सामान्यतः तारकाचिन्ह (*) वापरतात. दुसरे चिन्ह नेमक्या एका अक्षराच्या जागी उभे राहते, त्यासाठी पुष्कळ ठिकाणी प्रश्नचिन्ह (?) वापरतात. तिसरे चिन्ह एक अक्षर असो वा नसो, दोन्ही गोष्टी मान्य करते. तारकाचिन्ह शब्दाच्या शेवटी लावून पुढील सर्व प्रत्ययांना वाट मोकळी करून देणे, हा या चिन्हांचा सर्वांत परिचित उपयोग होय.

ही कार्ये सर्वत्र सारखी असली तरी त्यांसाठी योजलेली चिन्हे सर्वत्र सारखी नाहीत. 'वेब ऑफ सायन्स' या संग्रहात 'एक किंवा शून्य' या कार्यासाठी $ हे चिन्ह आहे. एब्स्कोच्या संग्रहांत त्याच कार्यासाठी # हे चिन्ह दीर्घकाळ वापरात आहे. वर्ल्डकॅट ही जागतिक सूची ज्या फर्स्टसर्च पद्धतीतून पाहिली जाई, तीत मात्र # याचा अर्थ 'नेमके एक अक्षर' असा होता आणि ? याचा अर्थ 'कितीही अक्षरे' असा होता. जेस्टोरमध्ये ? हे एका अक्षरासाठी व * हे अनेक अक्षरांसाठी आहे. गूगल स्कॉलरमध्ये शब्दातील अक्षराच्या जागी तारका घालून काहीच साधत नाही. यास्तव एका संग्रहात उपयोगी पडलेले शोधसूत्र दुसऱ्या संग्रहात जसेच्या तसे नेणे धोक्याचे असते. प्रत्येक संग्रहाचे साहाय्यपृष्ठ आधी वाचणे हा येथे एकमेव सुरक्षित मार्ग होय.

आणखी दोन निर्बंध वारंवार आढळतात. बहुतेक संग्रहांत शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी प्रतिनिधिचिन्ह चालत नाही, आणि काही संग्रहांत चिन्हापूर्वी निदान तीन अक्षरे लिहावी लागतात. दुसरे असे की, अवतरणचिन्हांत बंद केलेल्या पदसमूहात ही चिन्हे काही ठिकाणी आपले कार्य सोडून देतात व साधी विरामचिन्हे म्हणून गणली जातात किंवा गाळली जातात. शोधाचे फळ शून्य आले असता त्याचे कारण ग्रंथांचा अभाव नसून हा निर्बंध असण्याचा संभव पुष्कळ असतो.

३

आता 'अजिंठा' या नामाची रोमन रूपे पाहू. ही रूपे लहरीने निर्माण झालेली नाहीत. प्रत्येकामागे ध्वनी व लिपी यांच्या संबंधाची एक विशिष्ट कल्पना आहे, आणि ती ओळखली म्हणजे प्रतिनिधिचिन्ह कोठे घालावयाचे हे आपोआप ठरते.

इंग्रजीतील 'कप', 'सन' या शब्दांत यू या अक्षराचा जो उच्चार होतो तो मराठी 'अ' या स्वराच्या जवळचा आहे. त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक इंग्रज लेखक 'अ'साठी यू लिहीत. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८४० नंतरच्या दशकातील लेखनात ए-जे-यू-एन-टी-ए असे रूप आहे ते या रूढीनुसार. जे या अक्षराचा उच्चार युरोपातील निरनिराळ्या भाषांत निरनिराळा होतो. 'ज' हा ध्वनी निःसंदिग्ध करण्यासाठी त्याच्या आधी डी लिहिण्याची पद्धती होती. अलेक्झांडर यांच्या शीर्षकात ती दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतरपद्धती सरकारी व्यवहारात रूढ झाली आणि 'अ'साठी ए हे अक्षर स्थिर झाले. जेम्स बर्जेस यांच्या १८७९ च्या पुस्तकात व ग्रिफिथ्स यांच्या १८९६–९७ च्या दोन खंडांत ए-जे-ए-एन-टी-ए हे रूप आहे. लेडी हेरिंगहॅम (१९१५), व्हिक्टर गोलुब्यू (१९२७), गुलाम याजदानी (१९३०–५५) आणि वॉल्टर स्पिंक (२००५ पासून पुढे) यांच्या ग्रंथनामांतही तेच आहे.

मराठी रूपातील इकार व महाप्राण 'ठ' हे दोन विशेष वरील तिन्ही रूपांत लोपलेले आहेत. ते पुन्हा प्रकट होतात ते मराठी ग्रंथांच्या लिप्यंतरित नोंदींत. अमेरिकन ग्रंथालयांत मराठी शीर्षके रोमन लिपीत उतरविण्यासाठी जी पद्धती आहे, तीनुसार 'अजिंठा' हे नाव ए-जे-आय-एन-टी-एच-ए असे लिहिले जाते. त्यात एन व टी यांच्या खाली बिंदू आणि अखेरच्या ए वर दीर्घत्वाची रेघ येते. म्हणजे इंग्रजी ग्रंथांसाठी एक रूप व मराठी ग्रंथांसाठी दुसरे रूप, असा भेद एकाच ग्रंथालयाच्या एकाच सूचीत नांदतो. केवळ इंग्रजी रूप शोधणारा विद्यार्थी मराठीतील सारे लेखन वगळून बसतो.

या सर्व रूपांतील स्थिर भाग कोणता व चल भाग कोणता हे आता स्पष्ट होते. ए, जे, एन, टी ही अक्षरे स्थिर आहेत. जे व एन यांच्यामधील स्वर बदलतो : ए, यू, आय. टी नंतरचा भाग बदलतो. म्हणून ए-जे-?-एन-टी-* हे सूत्र ए-जे-ए-एन-टी-ए, ए-जे-यू-एन-टी-ए, ए-जे-आय-एन-टी-एच-ए आणि त्यांची प्रत्यययुक्त रूपे या सर्वांना कवेत घेते. डी असलेले रूप मात्र त्यातून सुटते.

येथे एक मोह उत्पन्न होतो. ए नंतरही एक तारका घालून ए-*-जे-*-एन-टी-* असे सूत्र केले, तर सर्व रूपे एकाच फटक्यात मिळतील असे वाटते. ती मिळतातही, परंतु त्यांच्याबरोबर 'लगतचा' या अर्थाचा इंग्रजी शब्द ॲडजेसंट, 'जुळवणी' या अर्थाचा ॲडजस्टमेंट आणि 'तहकुबी' या अर्थाचा ॲडजर्नमेंट हे सर्व शब्दही मिळतात, कारण त्या प्रत्येकात ए, नंतर जे, नंतर एन-टी हा क्रम आहे. भूमिती, वैद्यक व कायदा यांवरील असंख्य नोंदींच्या ढिगात अलेक्झांडर यांचा लेख पुन्हा हरवतो. न सापडणे आणि सापडून न दिसणे यांत व्यवहारतः फरक राहत नाही. त्यापेक्षा ए-जे-?-एन-टी-* आणि ए-डी-जे-?-एन-टी-* अशी दोन अरुंद सूत्रे 'किंवा' या अर्थाच्या जोडशब्दाने जोडणे श्रेयस्कर होय. दुसऱ्या सूत्रात जे व एन यांच्यामध्ये एकच अक्षर मान्य असल्यामुळे वरील तिन्ही इंग्रजी शब्द बाहेर राहतात. जेथे चिन्हापूर्वी तीन अक्षरांची अट आहे, तेथे पहिले सूत्र चालणार नाही. तेथे सर्व रूपे पूर्ण लिहून त्याच जोडशब्दाने जोडावी लागतात.

४

देवनागरीत प्रवेश करताच एक नवा प्रश्न उपस्थित होतो : 'एक अक्षर' म्हणजे काय? मराठी वाचक 'अजिंठा' या शब्दात तीन अक्षरे मोजतो : अ, जिं, ठा. युनिकोड या संकेतपद्धतीत मात्र व्यंजन, स्वराची मात्रा, अनुस्वार व हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र स्थान आहे. त्यामुळे संगणक तेथे सहा घटक मोजतो : अ, ज, ह्रस्व इकाराची मात्रा, अनुस्वार, ठ, आकाराची मात्रा. मात्रा स्वतंत्रपणे मोजणाऱ्या संग्रहात प्रश्नचिन्ह हे वाचकाच्या अक्षराचे प्रतिनिधी नसून अशा एका घटकाचे प्रतिनिधी असते.

हा भेद लक्षात घेतला नाही तर सूत्र चुकते. मराठीत 'अजिंठा' याबरोबर 'अजंठा' असेही लिहिलेले आढळते. 'अज?ठ*' या सूत्राने दोन्ही मिळतील असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः त्याने 'अजंठा' मिळतो आणि 'अजिंठा' सुटतो; कारण पहिल्यात ज व ठ यांच्यामध्ये केवळ अनुस्वार आहे, दुसऱ्यात मात्रा व अनुस्वार असे दोन घटक आहेत. येथे 'अज*ठ*' हे सूत्र योग्य ठरते.

सामान्यरूपामुळे उद्भवणारा प्रश्न याहून मोठा आहे. इंग्रजी नामाला प्रत्यय लागताना मूळ शब्द बहुधा अखंड राहतो. मराठीत तसे होत नाही. 'अजिंठा' या नामाचे सामान्यरूप 'अजिंठ्या' असे होते आणि मराठी ग्रंथांच्या शीर्षकांत 'अजिंठ्याची', 'अजिंठ्यातील', 'अजिंठ्याच्या' अशीच रूपे प्रायः येतात. इंग्रजीच्या सवयीने कोणी 'अजिंठा*' असे सूत्र लिहिले, तर यांपैकी एकही रूप मिळत नाही. कारण सामान्यरूपात ठ नंतर आकार नसून हलन्त चिन्ह व य येतात. शब्द तोडावयाचा तो आकारापूर्वी : 'अजिंठ*'. व्याकरणात ज्याला प्रकृती म्हणतात तिचा न बदलणारा भाग कोठे संपतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तारका कोठे घालावी हे समजते.

'वेरूळ' या नामाच्या बाबतीत बदल शब्दाच्या आत होतो. मराठी शब्दातील उपान्त्य दीर्घ ऊकार सामान्यरूपात ह्रस्व होतो : वेरूळ, परंतु वेरुळात. शिवाय मूळ रूपही अनेकदा ह्रस्व उकाराने लिहिले जाते. 'वेर?ळ*' या सूत्राने ही सर्व रूपे मिळतात. येथे दोन्ही मात्रा एकेक घटकाच्याच असल्यामुळे प्रश्नचिन्ह पुरेसे होते. अजिंठ्याजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव 'वाघूर', 'वाघुर' व 'वाघोरा' असे भिन्न प्रकारे लिहिले जाते. 'वाघ?र*' या सूत्राने तिन्ही मिळतात. त्याऐवजी 'वाघ*र*' असे लिहिल्यास वाघमारे आडनावाचे सर्व ग्रंथकारही त्यात दाखल होतात.

हिंदी ग्रंथांत 'अजंता' व 'अजन्ता' ही रूपे रूढ आहेत. ती मिळविण्यासाठी 'अज*त*' असे सैल सूत्र केले, तर 'अजित', 'अज्ञात' व 'अजातशत्रू' हे तिन्ही शब्द त्यात सापडतात. यांपैकी शेवटचा शब्द विशेष फसवा आहे; कारण बौद्ध विषयांवरील नोंदींत तो स्वाभाविकपणेच येतो, आणि विषय जवळचा असल्यामुळे चूक ध्यानात येण्यास विलंब लागतो. 'अजन्त*' असे नेमके सूत्र केले तरी एक गंमत उरते. संस्कृत व्याकरणात 'अच्' म्हणजे स्वर ज्याच्या अंती आहे तो शब्द 'अजन्त' होय. त्यामुळे या सूत्राने लेण्यांबरोबर स्वरान्त नामांची रूपावलीही पुढे येते. दोन शब्दांचे लेखन एक असल्यास प्रतिनिधिचिन्ह त्यांत निवड करू शकत नाही. तेथे 'लेण*', 'गुफा*', 'चित्र*' यांसारखे दुसरे पद जोडूनच क्षेत्र मर्यादित करावे लागते.

५

मराठी सामग्रीच्या शोधात कालाचाही विचार करावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि 'कवि', 'बुद्धि' यांसारख्या तत्सम शब्दांचा अन्त्य स्वर दीर्घ लिहिण्याचे ठरविले. सूचिकार ग्रंथाचे शीर्षक मुखपृष्ठाप्रमाणे उतरवितो. त्यामुळे १९६२ ही लेखनाची सीमारेषा सूचीतही उमटते आणि आजच्या शुद्धलेखनाने शोधणारा अभ्यासक नकळत त्या रेषेच्या अलीकडेच राहतो.

वा. वि. मिराशी यांचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा ग्रंथ १९५७ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील वाकाटक शिलालेखावर त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व-मालेत निघालेले होते. मराठी ग्रंथ त्या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला आवश्यक आहे. परंतु 'नृपती' असे आजच्या पद्धतीने लिहून शोधल्यास तो मिळत नाही. 'नृपत?' असे लिहिल्यास मिळतो. ग्रंथकाराच्या पूर्ण नावातही तीच अडचण आहे : वासुदेव विष्णु, की वासुदेव विष्णू? 'विष्ण?' हे सूत्र दोहोंना पुरते.

अनुस्वाराच्या बाबतीत चिन्हांतील सूक्ष्म भेद प्रत्यक्ष उपयोगाचा ठरतो. 'महाराष्ट्रांतील' हे जुने लेखन व 'महाराष्ट्रातील' हे नवे. 'महाराष्ट्रा?तील' असे सूत्र केल्यास नेमका एक घटक अपेक्षित असल्यामुळे केवळ जुनी शीर्षके मिळतात. नवी सर्व सुटतात. 'महाराष्ट्रा*तील' असे केल्यास, किंवा 'एक अथवा शून्य' हे कार्य करणारे चिन्ह वापरल्यास, दोन्ही मिळतात. 'लेणीं' व 'लेणी', 'लेण्यांतील' व 'लेण्यातील' यांसाठी 'लेण*' हे सूत्र पुरेसे आहे. मात्र 'लेणे' म्हणजे अलंकार असाही अर्थ मराठीत असल्याने काव्यसंग्रहांची शीर्षके त्यात मिसळतील याची जाणीव ठेवावी. समासात 'भित्तिचित्र' असे ह्रस्व लेखन नियमानुसार असूनही 'भित्तीचित्र' असे पुष्कळदा लिहिले जाते, त्यासाठी 'भित्त?चित्र*' असे सूत्र करावे.

डोळ्यांना न दिसणारा भेद आणखी एक आहे. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे उभे करता येते : एक, नुक्तायुक्त ऱ, हलन्त व य यांनी, दुसरे, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व य यांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. 'द*या*' यासारखे सूत्र फार सैल होते. म्हणून अशा शब्दावर शोध टेकवूच नये. शीर्षकातील दुसरा, निर्दोष शब्द निवडावा हे उत्तम.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिनिधिचिन्ह लेखनाशी व्यवहार करते, भाषेशी नव्हे. त्याला ध्वनी माहीत नाही, अर्थ माहीत नाही, इतिहासही माहीत नाही. म्हणून जेथे दोन नावांत लेखनाचे साम्यच नाही तेथे ते निरुपयोगी ठरते. 'वेरूळ' व 'एलोरा' यांचे आद्याक्षरच भिन्न आहे. त्यांना एकत्र आणणारे कोणतेही व्यवहार्य सूत्र संभवत नाही. 'औरंगाबाद' व 'छत्रपती संभाजीनगर' या नावांचेही तसेच. जिल्ह्याचे व शहराचे अधिकृत नाव २०२३ मध्ये बदलले असले, तरी तत्पूर्वीच्या ग्रंथांचे प्रकाशनस्थळ जुन्याच नावाने नोंदलेले आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याचे प्रबंध शोधताना दोन्ही नावे ध्यानात ठेवावी लागतात. 'लेणी', 'गुंफा' व 'गुहा' हे पर्यायशब्दही स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

संख्यांच्या बाबतीत तर चिन्हे अपायकारक ठरू शकतात. अजिंठ्याची लेणी क्रमांकाने ओळखली जातात. तो क्रमांक कोठे देवनागरी अंकांत, कोठे इंग्रजी अंकांत, तर कोठे रोमन संख्याचिन्हांत असतो. पहिल्या लेण्याचा शोध घेताना '१*' असे लिहिल्यास १० ते १९ ही दहाही लेणी त्यात येतात. येथे तिन्ही लेखनप्रकार पूर्ण लिहिणे हाच उपाय होय.

शेवटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. जे नोंदीत नाहीच ते कोणत्याही चिन्हाने सापडत नाही. फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये वाचलेल्या निबंधाचे शीर्षक 'भारतातील शैलमंदिरे' या अर्थाचे आहे. फर्ग्युसन व बर्जेस यांचा १८८० चा ग्रंथही 'भारतातील लेणीमंदिरे' या अर्थाच्या नावाने निघाला. दोहोंत अजिंठ्याचे सविस्तर विवेचन आहे, पण शीर्षकात अजिंठ्याचे नाव कोणत्याच रूपात नाही. अशा ग्रंथांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग विषयशीर्षकांतून जातो. सूचिकार ग्रंथ पाहून त्याचा विषय एका ठरावीक रूपात नोंदवितो व इतर रूपांकडून त्या रूपाकडे 'पाहा' अशी सूचना ठेवतो. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' यांसारख्या छापील साधनांत वाचकाची दृष्टी वर्गाखालील सर्व नोंदींवरून फिरत असे आणि लेखनातील लहानमोठे फरक ती सहज सामावून घेई. संगणकीय शोधात ती सवलत नाहीशी झाली. प्रतिनिधिचिन्ह तिची अंशतः भरपाई करते. सूचिकाराच्या विषयनिश्चितीची जागा ते घेऊ शकत नाही.

७

या विवेचनातून शोधाची एक कार्यपद्धती निष्पन्न होते. प्रथम विषयातील प्रमुख नामांची सर्व ज्ञात लेखनरूपे लिपीनुसार व कालानुसार एका कागदावर मांडावीत. नंतर प्रत्येक लिपीतील रूपांचा स्थिर भाग व चल भाग निश्चित करावा. देवनागरीत सामान्यरूपाचा विचार अवश्य करावा. चल भाग एका घटकाचा असेल तर नेमक्या एकासाठी असलेले चिन्ह वापरावे, तो कधी असतो व कधी नसतो असे असेल तर 'एक अथवा शून्य' हे चिन्ह वापरावे, आणि तारका शेवटचा उपाय म्हणून योजावी. एका व्यापक सूत्रापेक्षा अनेक अरुंद सूत्रे जोडणे बरे.

त्यानंतर सूत्राची परीक्षा करावी. जे ग्रंथ व लेख संग्रहात आहेत हे अन्य मार्गाने निश्चित माहीत आहे, ते या सूत्राने मिळतात काय हे पाहावे. अजिंठ्याच्या बाबतीत अलेक्झांडर यांचा लेख, बर्जेस यांचे १८७९ चे पुस्तक, याजदानी यांचे खंड आणि 'अजिंठ्या' या सामान्यरूपाने सुरू होणारे एखादे मराठी शीर्षक, अशी चार भिन्न काळांतील व रूपांतील उदाहरणे पुरेशी होतील. यांपैकी एक जरी सुटले तरी सूत्र सदोष आहे, आणि कोणते सुटले यावरून दोष कोठे आहे तेही कळते. बिंदुयुक्त रोमन अक्षरे संग्रह साध्या अक्षरांसमान मानतो की नाही, देवनागरी मात्रा स्वतंत्र मोजतो की नाही, या प्रश्नांची उत्तरेही अशा परीक्षेतूनच मिळतात.

अखेरीस शोधाची नोंद प्रबंधात द्यावी : कोणता संग्रह, कोणते सूत्र, कोणता दिनांक. 'या विषयावर पूर्वी लेखन झालेले नाही' हे विधान पीएच.डी.च्या प्रबंधांत वारंवार केले जाते, आणि परीक्षकाला त्याची शहानिशा करण्याचे साधन बहुधा नसते. ते विधान वस्तुतः एका शोधसूत्राविषयीचे विधान असते. सूत्र दिले नाही तर त्याला प्रामाण्य राहत नाही. शिलालेखाचे वाचन देताना पाठभेद नोंदविण्याची जी शिस्त पुराभिलेखविद्येत आहे, तीच येथे लागू होते. एका नावाची किती रूपे होतात आणि ती का होतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. ग्रंथसूचीसमोर बसलेल्या प्रत्येक संशोधकाने तो स्वतःला विचारला पाहिजे, आणि तोही पहिले चिन्ह लिहिण्यापूर्वी.